विहीर एकट्याची नसते

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण इतकी वर्षे चालवता, ते मला आठवतात ते शाळेच्या आवारात, सकाळी साडेआठला, पर्जन्यमापकाशी वाकलेले. ते आम्हाला भूगोल शिकवत. पावसाळ्याचे चार महिने रोज त्याच वेळेला मोजपात्रात पाणी ओतायचे आणि आकडा वहीत लिहायचा, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. रविवारी आम्हा मुलांपैकी कुणाकडे तरी ती जबाबदारी यायची आणि तो दिवस सणासारखा वाटायचा. त्या वहीत आणखी एक रकाना होता. शाळेमागच्या विहिरीत काठापासून पाणी किती खाली आहे, ते दोरीला दगड बांधून दर महिन्याला मोजायचे आणि तिथे लिहायचे. एका रकान्यात आवक, दुसऱ्यात शिल्लक. या दोहोंच्या मध्ये काय घडते ते शोधून काढा, असे त्यांनी आम्हाला सांगितले होते. पर्यावरणातील प्रणाली आणि त्यांची प्रतिमाने हा आजचा विषय माझ्यापुरता त्या वहीत सुरू झाला, म्हणून आधी त्या वहीला नमस्कार करतो.

प्रणाली हा शब्द जड वाटतो, तो आधी हलका करून घेऊ. काही गोष्टी एकमेकींशी अशा बांधलेल्या असतात की एकीला हात लावला तर दुसरी हलते आणि दुसरीच्या हलण्याचा परिणाम फिरून पहिलीवर होतो. अशा सगळ्या गोष्टींना मिळून प्रणाली म्हणायचे. जंगल ही प्रणाली आहे, खाडी आहे, मोसमी वारे आहेत. १९३५ साली आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘इकोसिस्टिम’ हा शब्द छापील निबंधात आणला. आपण त्याला परिसंस्था म्हणतो. सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा यांना वेगळे काढून समजून घेता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. सात वर्षांनी, १९४२ मध्ये, रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन संशोधकाचा मिनेसोटातल्या एका दलदलीच्या तळ्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. तळ्यात कोणकोणते जीव आहेत याची यादी करून लिंडमन थांबला नाही. सूर्याची ऊर्जा शेवाळात किती येते, तिथून किड्यांत किती, माशांत किती आणि प्रत्येक पायरीवर किती खर्ची पडते, याचा त्याने जमाखर्च मांडला. निबंध छापून येण्याआधीच तो वारला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. पर्यावरणशास्त्राला जमाखर्चाची भाषा देणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे.

ती भाषा मी आज आपल्या पायाखालच्या पाण्याला लावून दाखवणार आहे. कारण हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्याबद्दल माणूस आपल्या सोयीचे समज करून घेतो.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर, वसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून हा दगड झाला. वाळूत कणाकणांच्या मध्ये पाणी राहते, तसे या दगडात राहत नाही. वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्हा थंड होताना बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या पट्ट्यांत ते राहते. मधला अखंड पाषाण जवळजवळ कोरडा असतो. शंभर लिटर आकारमानाच्या झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टमधून आपल्या हाती साधारण दोन लिटर पाणी लागते. वाळूच्या गाळात हेच प्रमाण पंधरा-सोळा लिटरांपर्यंत जाते.

या दोन लिटरांचा अर्थ नीट पाहू. पावसाचे ५० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरले, तर वाळूच्या प्रदेशात भूजलाची पातळी जेमतेम एक फूट वर येईल. आपल्याकडे ती अडीच मीटर वर येईल. म्हणून आपली विहीर श्रावणात काठाला लागते आणि होळीला तळ दाखवते. विहीर भरलेली दिसली की पाणी भरपूर आहे असे वाटते, पण भांडे अरुंद असल्यामुळे ते लवकर भरते आणि तितकेच लवकर रिकामे होते. डोळ्याला दिसते ती पातळी. पाण्याचा साठा हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

तो हिशेब आपण इथे मिळून करू. त्यालाच मॉडेल म्हणतात, मराठीत प्रतिमान. त्यासाठी संगणक लागतोच असे नाही. ५०० हेक्टरांचे एक गाव कल्पू या, वस्ती १५०० माणसांची, पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटर. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, म्हणजेच दहा हजार लिटर पाणी. तेव्हा गावावर वर्षभरात २५ लाख घनमीटर पाणी पडले. त्यातले बरेचसे उन्हाने उडून जाते, पिके आणि झाडे पितात, उरलेले ओढ्याने वाहते. मुरणारा वाटा दहा टक्के धरू: अडीच लाख घनमीटर. ही गावाच्या भूजलाची वर्षाची कमाई.

आता खर्च. माणशी रोज ५५ लिटर हे ग्रामीण पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण धरले, तर दीड हजार माणसांना वर्षाला सुमारे ३० हजार घनमीटर पाणी लागते. रब्बी ज्वारीला दोन-तीन पाळ्या दिल्या, तर हेक्टरी दोन हजार घनमीटर. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी वीस हजार घनमीटर धरू. आता भागाकार करा. अख्ख्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी दीड हेक्टर उसात मावते. गावाची भूजलाची सगळी कमाई साडेबारा हेक्टर ऊस पिऊन टाकतो. त्याच पाण्यावर सव्वाशे हेक्टर ज्वारी उभी राहते.

यातला प्रत्येक आकडा वादाला मोकळा आहे. कुणी म्हणेल, आमच्याकडे दहा टक्के मुरत नाही, सातच मुरते. कुणी म्हणेल, उसाला दिलेल्या पाण्यातले काही पुन्हा जमिनीत जाते, ते वजा करा. करू या. वाद घालायला काहीतरी समोर आले, हाच मॉडेलचा पहिला उपयोग. “पाणी कमी आहे” या वाक्यावर गावात भांडण होते. “मुरणे दहा टक्के की सात टक्के” या प्रश्नावर मोजणी सुरू होते. मॉडेल करणारा आपली गृहीते उघड्यावर मांडतो आणि ती खोडायची मुभा दुसऱ्याला देतो. मला त्यातली ही सभ्यता फार मोलाची वाटते.

पण नुसता जमाखर्च म्हणजे प्रणाली नाही. बांधलेल्या गोष्टी फिरून एकमेकींवर परिणाम करतात, असे मी सुरुवातीला म्हणालो. ते फिरणे आता पाहू.

आमच्या मळ्यात सहा परस खोल विहीर होती. माझ्या आजोबांच्या काळी तिच्यावर मोट चाले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की नाडा लांबायचा, प्रत्येक खेपेला वेळ जास्त लागायचा, बैल दमायचे आणि मोट लवकर सुटायची. म्हणजे पाणी जसे उतरे तसा उपसा आपोआप कमी होई. कुणी नियम केला नव्हता, पण लगाम होता. प्रणालींच्या अभ्यासात याला समतोल राखणारे चक्र म्हणतात. पुढे मोटेच्या जागी ऑइल इंजिन आले, मग विजेची मोटार आली. बैलांचे आणि माणसांचे हाल संपले, ते चांगलेच झाले. मात्र पाणी दोन परस खाली गेले तरी मोटार दमत नाही. वीजबिल अश्वशक्तीवर ठरलेले असेल, तर तास वाढले म्हणून खर्चही वाढत नाही. बैलांबरोबर तो लगामही गेला आणि त्याच्या जागी दुसरा कुणी बसवला नाही.

मग दुसरे चक्र सुरू झाले. शेजारच्या रानात बोअर पडले आणि आमच्या विहिरीचे झरे मंदावले. आम्ही विहिरीत आडवे बोअर मारले. त्यामुळे शेजाऱ्याचे पाणी ओढले गेले, म्हणून त्याने आणखी खोल बोअर घेतले. पाणाड्या नारळ हातात घेऊन दोन्ही रानांत फिरला. दोन्ही घरांवर कर्ज झाले. शेजाऱ्याने आमचे वाईट चिंतले नव्हते, आम्हीही त्याचे नाही. प्रत्येकजण आपापल्या बांधाआत शहाणपणाने वागत होता. पण खालचा खडक एकच होता आणि त्याला बांध नव्हता. घरातल्या मोठ्या माणसांना पुष्कळ वर्षे वाटत राहिले की दैव फिरले. मी भूजलाचा अभ्यास करू लागलो तेव्हा कळले, की दोन शहाण्या घरांना कंगाल करायला प्रणालीची रचनाच पुरेशी असते.

हे चक्र ओळखायची सवय लागली, की चांगल्या हेतूच्या योजनांकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. शेततळे पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी असते. पण प्लास्टिक अंथरलेले शेततळे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरून ठेवले, तर सावलीतले पाणी उन्हात आणून ठेवल्यासारखे होते. एकाची सोय होते आणि सगळ्यांच्या साठ्यातले काही आकाशात जाते. ठिबकाने एकरी पाणी वाचते, हे खरे. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले, तर एकूण उपसा तेवढाच राहतो किंवा वाढतोही. शेततळ्यात दोष नाही, ठिबकातही नाही. एक दुवा बदलताना बाकीचे दुवे जसे होते तसेच राहतील, असे आपण धरून चालतो, दोष तिथे आहे.

प्रणालीचा आणखी एक गुण सांगायला हवा, तो म्हणजे विलंब. आज वाढवलेला उपसा आज टोचत नाही. चार बरे पावसाळे मागोमाग आले तर तो झाकला जातो. पाचव्या वर्षी पाऊस ओढ देतो, तेव्हा मागच्या सगळ्या वर्षांची थकबाकी एकदम दारात येते आणि आपण ती त्या एका वर्षाच्या पावसाच्या नावावर लिहितो.

मॉडेलची बाजू इतकी घेतल्यावर ते कुठे चुकते हेही मी सांगितले पाहिजे. त्यासाठी आकाशाकडे जाऊ.

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जी दगडी इमारत आहे, तिला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आले. पावसाचे भाकीत करण्याची या खात्याची धडपड त्याहून जुनी आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला घेतला. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख झाले. जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहताना त्यांना दिसले, की प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो आणि पुढे उलट होते. हजारो मैलांवरच्या दोन टोकांचा हा झोपाळा आपल्या खरिपाशी जोडलेला आहे, हे त्यांनी आकड्यांतून दाखवले. समुद्राच्या पाण्याची एल निनो नावाची ऊब आणि हा झोपाळा यांचे नाते पुढे १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी स्पष्ट केले.

१९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे मॉडेल तयार केले. कुठला समुद्र किती तापला, कुठे बर्फ किती, कुठे दाब किती, अशा सोळा खुणांवरून देशाच्या पावसाचे अनुमान काढायचे. पुढची बरीच वर्षे, देशात पाऊस सर्वसाधारण होईल, हे त्याचे सांगणे खरे ठरत गेले. २००२ मध्येही त्याने तेच सांगितले. त्या वर्षी देशभर सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. जुलै महिन्यात तर जवळजवळ निम्माच. पेरण्या वाया गेल्या. पुढच्याच वर्षी खात्याने मॉडेल बदलले.

गोवारीकरांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. एका मोठ्या देशाच्या पावसाला गणितात बांधण्याचे धाडस त्यांनी आपल्या मातीत, आपल्या नोंदींवर केले. २००२ ने शिकवले ते असे: खुणा आणि पाऊस यांचे नाते काल होते तसेच उद्या राहील, हे त्या मॉडेलचे गृहीत होते, आणि प्रणाली बदलली की नातीही सैल होतात. म्हणून पुढे पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आणि हवामान खात्यात वेगळ्या जातीच्या मॉडेलांवर भर आला. त्यांत वारा, बाष्प, समुद्र यांच्या हालचालींची समीकरणेच महासंगणकावर सोडवली जातात. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ती पुन्हा पुन्हा चालवतात आणि उत्तर शक्यतेच्या भाषेत देतात: सरासरीहून कमी पावसाची शक्यता इतके टक्के, जास्तीची इतके. अमुक इतकाच पडेल असे ऐकायची आपल्या कानांना सवय आहे, त्यामुळे ही भाषा कच्ची वाटते. पण शेतकऱ्याला आणि धरणाच्या अभियंत्याला याच भाषेत शहाणा निर्णय घेता येतो.

मॉडेल खरे ठरल्याचेही एक उदाहरण देतो. १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी वातावरणाचा फक्त एक उभा स्तंभ कल्पून गणित केले. आजच्या तुलनेत तो संगणक फारच दुबळा होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जमिनीलगतचे तापमान सव्वादोन अंशांच्या आसपास वाढेल, असे उत्तर आले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट निघाली: खालची हवा तापत असताना उंचावरचे स्थितांबर मात्र थंड होईल. पृथ्वी सूर्य प्रखर झाल्यामुळे तापत असती, तर वरखाली दोन्हीकडे तापायला हवे होते. पुढच्या दशकांत फुग्यांनी आणि उपग्रहांनी मोजले, तेव्हा खाली ऊब आणि वर गारवा, असेच दिसले. मौना लोआच्या वेधशाळेत १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी नोंदी सुरू केल्या, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ भाग होते. आता ४२० हून अधिक आहेत. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एका स्तंभाचे ते मॉडेल अपुरे होते, त्यात डोंगर नव्हते, समुद्राचे प्रवाह नव्हते. पण जो प्रश्न विचारला होता त्याला लागणारे दुवे त्यात बरोबर होते.

जॉर्ज बॉक्स या संख्याशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की मॉडेल म्हटले की ते चुकीचे असणारच. विचारायचे एवढेच, की ते उपयोगी आहे का. मी त्यात एक भर घालतो. उपयोगी कुणाला, हेही विचारले पाहिजे.

१९७२ साल घ्या. त्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीत डोनेला मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. लोकसंख्या, शेती, कारखाने, खनिजे आणि प्रदूषण यांना एका मॉडेलात बांधून, अशीच वाढ चालू राहिली तर काय आणि वेगळी वाट धरली तर काय, असे अनेक पर्याय त्यांनी चालवून पाहिले होते. पुष्कळांनी ते जगबुडीचे भविष्य म्हणून वाचले आणि भविष्य म्हणूनच खोडून काढले. त्यातला ‘तर’ लोकांनी ऐकलाच नाही. चर्चा जगभर झाली, पण ज्यांच्या आयुष्याचे ते गणित होते त्यांच्या हातात ते कधी आले नाही.

त्याच १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले आणि नायगावात देवस्थानची चाळीस एकर जमीन कसायला घेऊन, पडणाऱ्या पावसात काय काय होऊ शकते याचा त्यांनी प्रयोग मांडला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम तोंडपाठ होण्यासारखे होते. पाणी जमिनीवर मिळणार नाही, माणशी मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी घालायचा.

हे नियम पुन्हा वाचले की माझ्या लक्षात येते, की हे एक पुरे मॉडेल आहे. आवक किती, वाटेकरी किती, पीक कोणते, मर्यादा कुठे, सगळे त्यात आहे. माणशी अर्धा एकर हा त्याचा आकडा आणि ऊसबंदी हा त्याचा लगाम. मोटेबरोबर गेलेला लगाम इथे माणसांनी ठरवून पुन्हा बसवला.

आपल्याकडे याला जुना आधारही आहे. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या रानाचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडायचे. एका फडात एकच पीक. त्या वर्षी नदीला पाणी किती आहे ते पाहून किती फड भिजवायचे ते ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना प्रणाली हा शब्द ठाऊक नव्हता. पण पाण्याच्या मानाने पीक बदलायचे, पिकाच्या मानाने पाणी ओढायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि आजचे उदाहरण नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे. पावसाची सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास असलेले हे गाव १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली, चराईबंदी पाळली. हे पुष्कळांना ठाऊक आहे आणि पुष्कळ गावांनी तेही केले. हिवरे बाजार वेगळे ठरले ते पुढच्या पायरीमुळे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि ऊस लावायचा नाही, हे गावाने ठरवले आणि दर वर्षी पाऊस मोजून, विहिरींच्या पातळ्या पाहून ग्रामसभेत पाण्याचे अंदाजपत्रक मांडायला सुरुवात केली. आधी माणसे आणि जनावरे यांचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्यात रब्बी किती बसते ते पाहायचे. पाऊस कमी झाला तर पेरा कमी. चर खणून आवक वाढते, पण खर्चाला लगाम नसेल तर वाढलेली आवक पहिल्या दोन हंगामांतच संपते. ज्या गावांनी फक्त आवकीचा रकाना पाहिला, तिथे पुन्हा टँकर आले.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपला प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर लिहिला होता. तिथे किनाऱ्यालगत बेसुमार उपशामुळे समुद्राचे खारे पाणी जमिनीखाली शिरत होते आणि पाणी वापरणाऱ्यांनी एकत्र बसून मोजणी मान्य करून आपापल्या उपशावर मर्यादा घालून घेतल्या. जगभरची अशी उदाहरणे अभ्यासल्याबद्दल त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामाईक साठा माणसे नक्की उधळून टाकतात, असा सिद्धान्त त्यांच्या आधी मांडला जात होता. त्यांनी दाखवले, की साठा सगळ्यांना दिसेल असा मोजला आणि नियम वापरणाऱ्यांनीच केले, तर तो टिकू शकतो.

आपल्या राज्यात यंत्रणा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून ठरावीक वेळा मोजते. पाणलोटवार किती पाणी मुरले आणि किती उपसले याचा ताळेबंद निघतो. उपसा कमाईच्या शंभर टक्क्यांवर गेला, की तो पाणलोट अतिशोषित ठरतो. नव्या विहिरींना साठ मीटर खोलीची मर्यादा घालणारा कायदाही आहे. मग उणीव कशाची? तो ताळेबंद ज्यांच्या पाण्याचा, त्यांच्या चावडीवर वाचला जात नाही. गावाला आपला पाणलोट कोणत्या वर्गात आहे हे माहीत नसते, आणि कायदा त्या माहितीशिवाय फक्त धाकाचा उरतो. तज्ज्ञाच्या कपाटातले मॉडेल कितीही अचूक असले, तरी त्याने एकही मोटार बंद होत नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे, आणि ती करायलाच मी इतक्या लांबून आलो. प्रत्येक गावात एक पर्जन्यमापक असू द्या आणि तो रोज सकाळी साडेआठला कुणीतरी वाचू द्या. गावातल्या पाच विहिरी निवडा, वरच्या, मधल्या आणि खालच्या रानातल्या, आणि त्यांची पातळी दर महिन्याला मोजा. हे काम शाळेतल्या मुलांना द्या. मी अनुभवाने सांगतो, ती ते मन लावून करतात. ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर आणि रब्बीचे बियाणे आणण्याआधी, ग्रामसभेत फळ्यावर आपण मघाशी केला तसा हिशेब करा. आकडे चुकतील. पुढच्या मे महिन्यात विहिरी पुन्हा मोजा आणि कुठे चुकलो ते त्याच फळ्यावर लिहा. तीन वर्षांत तुमच्या गावाचे मॉडेल तयार होईल, आणि ते बाहेरून आणलेल्या कुठल्याही मॉडेलपेक्षा तुमच्या खडकाला जास्त ओळखत असेल.

गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडले. आवकीच्या आणि शिलकीच्या रकान्यांच्या मध्ये आपण असतो: आपले पीक, आपली मोटार, आपला शेजारी आणि आपला निर्णय. पाऊस आपल्या हातात नाही, खडकही नाही. मधला हा रकाना मात्र पूर्णपणे आपला आहे. येत्या ऑक्टोबरात तो आपापल्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा.